‘आधी’, ‘नंतर’ आणि ‘शेजारी’ : क्रमाची अट असलेली मांडणीची गणिते सोडवण्याची पद्धत

पाच माणसे पाच खुर्च्यांवर १२० प्रकारे बसू शकतात, हे पर्म्युटेशनचा (वस्तू क्रमाने मांडण्याच्या मोजणीचा) पहिला धडा झालेला कोणताही विद्यार्थी न अडखळता सांगतो. पण त्याच प्रश्नाला ‘अमुक व्यक्ती तमुक व्यक्तीच्या आधी असावी’ एवढे एक वाक्य जोडले, की बरेच जण सूत्रे आठवू लागतात, एकामागून एक केसेस पाडतात आणि दोन पाने भरल्यावर जे उत्तर येते ते पर्यायांत सापडत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसून हा भाग मी कोणत्याही क्लासशिवाय शिकलो. आज तिथेच स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि अकरावी विज्ञानाचे विद्यार्थी याच भागाविषयी विचारायला येतात, म्हणून जे प्रत्येकाला वेगवेगळे सांगतो ते येथे एकत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. सूत्राकडे वळण्याआधी अट कोणत्या प्रकारची आहे आणि ती नेमक्या किती वस्तूंना बांधते, हे ठरवावे. हे ठरले की बहुतेक प्रश्न एका भागाकारात किंवा एका गुणाकारात सुटतात. हे न ठरवता सुरुवात केली तर सोपा प्रश्नही लांबत जातो.

लागणारे साहित्य

- चौकटींची वही आणि पेन्सिल. जागा चौकटींत दाखवल्या की चुका खरोखर कमी होतात.
- फॅक्टोरियलचा तक्ता, पाठ झालेला (३! म्हणजे ३ × २ × १) : ३! = ६, ४! = २४, ५! = १२०, ६! = ७२०, ७! = ५,०४०, ८! = ४०,३२०, ९! = ३,६२,८८०, १०! = ३६,२८,८००. सोबत ०! = १ हेही लक्षात असू द्यावे.
- निवडीचे कोष्टक, निदान सातपर्यंत. ७ पैकी ३ जागा ३५ प्रकारे निवडता येतात, ५ पैकी ३ जागा १० प्रकारे, असे चटकन आठवले पाहिजे.
- संगणक मिळत असेल तर त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. उत्तर पडताळण्यासाठी तो उपयोगी आहे, पण तो सक्तीचा नाही.

पायरी १ : वस्तू कोणत्या आणि जागा कोणत्या, हे लिहून काढा

वस्तू एकमेकींपासून वेगळ्या आहेत का, सर्व वापरायच्या आहेत का आणि जागा सरळ ओळीत आहेत की वर्तुळात, या तीन गोष्टी अट वाचण्याच्याही आधी वहीत उतरवाव्यात.

अक्षरांच्या प्रश्नांत येथेच घोटाळा होतो. मराठी शब्द दिलेला असेल आणि प्रश्नात वेगळे काही सांगितलेले नसेल, तर मात्रेसह पूर्ण अक्षर ही एक वस्तू मानावी. ‘राधानगरी’ या शब्दातील ‘रा’ आणि ‘री’ या त्यामुळे दोन निराळ्या वस्तू ठरतात आणि पाचही अक्षरे वेगळी असल्याने मांडण्या १२० होतात. ‘करवीर’ या शब्दात मात्र ‘र’ दोनदा आला आहे. ते दोन ‘र’ आपापसांत बदलले तरी शब्द तोच राहतो, म्हणून ४! ÷ २! = १२.

या भागाकाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तील अंकपाश या प्रकरणात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे धरता येतील, असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ३६,२८,८०० म्हणजेच १०! आहे. विष्णूच्या चार हातांतील गदा, चक्र, कमळ व शंख यांच्यासाठी तेथे २४ हे उत्तर येते. त्याच प्रकरणात ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून किती संख्या होतील असेही विचारले आहे आणि तीन पाच सारखे असल्यामुळे उत्तर ५! ÷ ३! = २० येते. हे शेवटचे उदाहरण वहीत ठळक लिहून ठेवावे. क्रमाच्या अटीचे सर्वांत उपयोगी तंत्र त्यातच दडलेले आहे आणि तिसऱ्या पायरीत ते उघड होईल.

पायरी २ : अटीचे वाक्य चिन्हांत उतरवा

‘क हा ख च्या आधी’ यासाठी क < ख असे लिहावे. चिन्ह लिहिताना वाक्यातील प्रत्येक लहान शब्दाकडे पाहणे भाग पडते आणि या प्रश्नांत सगळा अर्थ त्या लहान शब्दांतच असतो.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेने प्रवास केलेल्यांना वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर हा क्रम माहीत आहे. ‘वळिवडे हातकणंगल्याच्या आधी येते’ हे विधान खरे आहे. ‘वळिवडे हातकणंगल्याच्या लगेच आधी येते’ हे खोटे आहे, कारण मध्ये रुकडी आहे. प्रश्नात ‘लगेच’ नसेल तर तो मनाने घालू नये. ‘आधी’ म्हणजे मध्ये कितीही वस्तू आल्या तरी चालते.

पुढील वाक्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

- ‘क हा ख आणि ग यांच्या मध्ये’ : याचे दोन क्रम होतात, ख < क < ग किंवा ग < क < ख. शेजारी असण्याचा उल्लेख नसेल तर तिघे एकमेकांना लागून असण्याची गरज नाही.
- ‘क हा ख आणि ग या दोघांच्याही आधी’ : क तिघांत पहिला.
- ‘क हा ख आणि ग यांपैकी किमान एकाच्या आधी’ : क तिघांत शेवटचा नाही, एवढेच. वरच्या वाक्याहून ही अट बरीच सैल आहे.
- ‘क आणि ख शेजारी’ : कख आणि खक हे दोन्ही क्रम चालतात. ‘क च्या लगेच नंतर ख’ असे म्हटले तर फक्त कख.

पायरी ३ : समान वाटणी वापरा

या विषयातील सर्वांत समर्थ साधन हे आहे आणि दुर्दैवाने क्लासच्या वह्यांत त्याला सर्वांत कमी जागा मिळते.

पंचगंगेच्या पाच नद्या घ्या : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती. ही पाच नावे एका ओळीत १२० प्रकारे लिहिता येतात. त्यांपैकी किती मांडण्यांत भोगावती तुळशीच्या आधी येईल? कोणतीही एक मांडणी घ्या आणि तीत फक्त या दोन नावांची अदलाबदल करा. भोगावती आधी असलेल्या प्रत्येक मांडणीला अशा रीतीने तुळशी आधी असलेली नेमकी एक जोडीदार मांडणी मिळते. म्हणून दोन्ही गट सारखे आहेत आणि उत्तर १२० ÷ २ = ६०. भोगावती पहिल्या जागी, दुसऱ्या जागी अशा केसेस पाडण्याची गरजच नाही.

तीन वस्तूंचा क्रम ठरलेला असेल तर हाच विचार पुढे जातो. त्या तिघांचे आपापसांत ६ क्रम होतात, सहाही सारख्याच वेळा येतात आणि आपल्याला त्यांतला एकच हवा असतो. खासबाग मैदानात सात कुस्त्या लावायच्या आहेत असे धरू. मोठी कुस्ती शेवटी लावतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, तेव्हा अट अशी घेऊ की तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती दुसऱ्या क्रमांकाच्या आधी आणि दुसऱ्या क्रमांकाची पहिल्या क्रमांकाच्या आधी झाली पाहिजे. उरलेल्या चार कुठेही चालतील. उत्तर ७! ÷ ३! = ८४०.

हेच दुसऱ्या वाटेने पाहावे. सात जागांपैकी या तीन मोठ्या कुस्त्यांसाठी तीन जागा ३५ प्रकारे निवडता येतात. जागा निवडल्या की त्यांत कोणती कुस्ती कोठे जाईल हे अटीनेच ठरून जाते, म्हणून तेथे पुन्हा ३! ने गुणायचे नाही. उरलेल्या चार कुस्त्या चार जागांत २४ प्रकारे बसतात. ३५ × २४ = ८४०. दोन वाटांनी एकच उत्तर आले की मनात शंका उरत नाही.

आता ‘लीलावती’तील तीन पाचांकडे परत या. ज्या तीन वस्तूंचा क्रम ठरलेला आहे त्या मोजणीपुरत्या सारख्याच वस्तू असतात, कारण त्यांच्या जागा कळल्या की पुढे निवड करायला काही उरत नाही. पाच वस्तूंपैकी तीन ठरलेल्या क्रमाने हव्यात, तर उत्तर ५! ÷ ३! = २०, म्हणजे ४, ८, ५, ५, ५ या अंकांचेच उत्तर.

या विचारातून मिळणारे नेहमीचे अपूर्णांक असे आहेत : क हा ख च्या आधी, १/२, क हा तिघांत पहिला, १/३, क हा ख व ग यांच्या मध्ये, १/३, क हा तिघांत शेवटचा नाही, २/३, क < ख < ग, १/६, चौघांत क शेवटचा, १/४. एकूण मांडण्यांना यांपैकी योग्य अपूर्णांकाने गुणले की काम झाले.

सापळा येथे आहे. क < ख आणि ग < घ अशा दोन अटींत एकही वस्तू सामाईक नसेल तर १/२ × १/२ = १/४ घेणे बरोबर आहे. पण क < ख आणि क < ग या अटींत क सामाईक आहे. तेथे उत्तर १/३ येते. क < ख आणि ख < ग यांत ते १/६ येते. दोन अटी एकाच वस्तूला धरून असतील तर अर्ध्याचे अर्धे करू नये. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा असा माझा आग्रह असतो.

पायरी ४ : बांधलेल्या वस्तू आधी मांडा, मोकळ्या नंतर घुसवा

भागाकाराचा आधार घ्यायचा नसेल किंवा उत्तर पडताळायचे असेल तर ही पद्धत वापरावी. सात चिठ्ठ्या घ्या. पाच चिठ्ठ्यांवर वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर आणि मिरज ही स्थानके आहेत, तर दोन चिठ्ठ्यांवर पन्हाळा आणि जोतिबा. पाच स्थानके प्रवासाच्या क्रमाने यावीत अशा मांडण्या किती?

पाच स्थानके क्रमाने ठेवण्याचा प्रकार एकच. त्या ओळीत पन्हाळ्याची चिठ्ठी ठेवायला ६ फटी आहेत, दोन्ही टोके धरून. ती ठेवल्यावर ओळीत सहा चिठ्ठ्या झाल्या, म्हणून जोतिबाच्या चिठ्ठीसाठी ७ फटी. ६ × ७ = ४२, आणि ७! ÷ ५! हेही ४२ च. मोकळी वस्तू कोणतीही अट मोडत नाही, म्हणून तिला कोणत्याही फटीत घालता येते. या एका गोष्टीमुळे पुढच्या पायरीतील अवघड प्रश्नसुद्धा हलका होतो.

दोन स्वतंत्र साखळ्या (आतला क्रम ठरलेल्या कामांच्या ओळी) असतील, उदाहरणार्थ तीन कामांची एक आणि चार कामांची दुसरी, आणि कामे एका वेळी एकच होत असतील, तर सात जागांपैकी पहिल्या साखळीच्या तीन जागा निवडल्या की सगळे ठरले. उत्तर ३५.

पायरी ५ : गुंतलेल्या अटींत शेवटची वस्तू धरा

एका वस्तूवर दोन वेगवेगळ्या अटी येऊन मिळतात तेव्हा वरचे अपूर्णांक अपुरे पडतात. याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तांबडा आणि पांढरा रस्सा करायचा आहे, हाताशी एकच माणूस आहे आणि कामे पाच आहेत असे समजा : अळणी, म्हणजे मसाल्याआधीचे मटणाचे पाणी, करून घेणे (अ), तांबड्याचे वाटण (व), तांबडा उकळणे (त), नारळाचे दूध काढणे (न) आणि पांढरा उकळणे (प). तांबड्यासाठी अळणी आणि वाटण दोन्ही तयार हवे. पांढऱ्यासाठी अळणी आणि नारळाचे दूध दोन्ही तयार हवे. अटी अशा : अ < त, व < त, अ < प, न < प. ही पाच कामे किती क्रमांनी करता येतील?

त हा अ, व, त या तिघांत शेवटचा, म्हणून १/३. प हा अ, न, प या तिघांत शेवटचा, म्हणून १/३. एकूण १२० ÷ ९. पण १२० ला ९ ने नि:शेष भाग जात नाही. मांडण्यांची संख्या अपूर्णांकात येऊच शकत नाही, तेव्हा मार्गच चुकला आहे हे आकडाच सांगतो. चूक कोठे आहे तेही स्पष्ट आहे : अळणी दोन्ही अटींत सामाईक आहे.

योग्य मार्ग असा. सर्वांत शेवटी कोणते काम येऊ शकेल ते विचारावे. अ, व आणि न यांच्या नंतर काही ना काही व्हायचेच आहे, म्हणून शेवटी फक्त त किंवा प येईल. प शेवटी आहे असे धरा. मग प विषयीच्या दोन्ही अटी आपोआप पूर्ण होतात आणि उरलेल्या चार कामांवर ‘त हा अ आणि व यांच्या नंतर’ एवढीच अट राहते; न मोकळा आहे. त्याचे क्रम ४! ÷ ३ = ८. त शेवटी असेल तर हाच हिशेब पलटून पुन्हा ८. एकूण १६.

पडताळणीसाठी अळणीची जागा धरून मोजू. अळणी पहिली असेल तर उरतात व < त आणि न < प या दोन सुट्या जोड्या, त्यांचे २४ ÷ ४ = ६ क्रम. अळणी दुसरी असेल तर तिच्या आधी वाटण किंवा नारळाचे दूध यांपैकी एक, म्हणजे २ प्रकार, आणि मागे उरलेल्या तीन कामांत एक अट, म्हणजे ३ क्रम, एकूण ६. अळणी तिसरी असेल तर आधीची दोन कामे २ प्रकारे आणि नंतरची दोन २ प्रकारे, एकूण ४. त्यापुढे अळणी जाऊच शकत नाही. ६ + ६ + ४ = १६.

अटींची आकृती झाडासारखी असेल, म्हणजे प्रत्येक कामाच्या थेट आधी फार तर एकच काम असेल, तर सरळ नियम आहे. प्रत्येक कामासाठी ‘ते काम आणि त्यावर अवलंबून असलेली सर्व कामे’ यांची संख्या काढावी आणि एकूण फॅक्टोरियलला त्या सर्व संख्यांनी भागावे. वरच्याच उदाहरणात अळणी होईपर्यंत दुसरे कोणतेही काम सुरू करायचे नाही असे ठरले, तर अळणीसाठी ५, वाटणासाठी २, नारळाच्या दुधासाठी २ आणि दोन्ही रश्श्यांसाठी १ व १ अशा संख्या येतात; १२० ÷ (५ × २ × २) = ६.

सर्व प्रकारच्या गुंतलेल्या अटींना लागू पडेल असे एकच सोपे सूत्र मात्र शोधत बसू नये. अशा क्रमांची मोजणी सर्वसाधारण स्वरूपात संगणकालाही अतिशय अवघड आहे, हे ग्रॅहम ब्राइटवेल आणि पीटर विंकलर यांनी १९९१ मध्ये सिद्ध केले आहे. परीक्षेतील प्रश्न साखळी, झाड किंवा वरच्यासारखी लहान गुंतागुंत यांच्याच पलीकडे सहसा जात नाहीत, म्हणून या तीन आकृती ओळखता आल्या तरी पुरेसे होते.

पायरी ६ : जागेची अट आणि क्रमाची अट एकत्र आल्यास

पुन्हा पाच नद्यांची नावे घ्या. भोगावती तुळशीच्या आधी हवी आणि कासारी पहिली नको. पहिल्या अटीने ६० मांडण्या मिळतात. त्यांपैकी कासारी पहिली असलेल्या किती? उरलेल्या चार नावांत भोगावती तुळशीच्या आधी, म्हणजे २४ ÷ २ = १२. उत्तर ६० − १२ = ४८.

आता एकच शब्द बदला : भोगावती तुळशीच्या आधी हवी आणि भोगावती पहिली नको. वरचाच हिशेब डोळे झाकून केला तर पुन्हा ४८ येईल आणि ते चूक असेल. भोगावती पहिली आहे असे धरले की ती तुळशीच्या आधी आहेच, म्हणून वजा करायच्या मांडण्या २४ आहेत, त्यांचे अर्धे करायचे नाही. उत्तर ६० − २४ = ३६. जागा धरून मोजले तरी भोगावती दुसरी असताना १८, तिसरी असताना १२ आणि चौथी असताना ६, मिळून ३६ च येतात. जागेची अट आणि क्रमाची अट एकाच वस्तूवर असेल तर आधी ती वस्तू जागेवर बसवावी आणि मग क्रमाची अट शिल्लक राहते का ते पाहावे.

सात कुस्त्यांच्या उदाहरणात पहिल्या क्रमांकाची कुस्ती सर्वांत शेवटीच हवी असे म्हटले, तर ती सातव्या जागी बसते आणि उरलेल्या सहांत तिसऱ्या क्रमांकाची दुसऱ्या क्रमांकाच्या आधी एवढीच अट राहते : ७२० ÷ २ = ३६०. येथे ८४० ला ७ ने भागून १२० लिहिणारे बरेच असतात. क्रम ठरल्यामुळे पहिल्या क्रमांकाची कुस्ती आधीच मागच्या बाजूला ढकलली गेली आहे, त्यामुळे सातही जागा तिच्यासाठी समान राहिलेल्या नाहीत, हे ते विसरतात.

पायरी ७ : शेजार, फट आणि अंतर

‘लगेच आधी’ किंवा ‘शेजारी’ असे असेल तर त्या वस्तूंची गाठ बांधून एक वस्तू करावी. येथे सहा विषयांचे तास घेऊ : भूगोलाच्या लगेच नंतर इतिहास हवा असेल तर भूगोल-इतिहास हा एक गठ्ठा, एकूण पाच वस्तू, १२० प्रकार. शिवाय गणित भूगोलाच्या आधी हवे असेल तर ते गठ्ठ्याच्या आधी असणे एवढाच त्याचा अर्थ, म्हणून ६०.

‘शेजारी नको’ यासाठी फटींची पद्धत घ्यावी. रंकाळ्याच्या काठावर चार मुलगे आणि तीन मुली फोटोसाठी ओळीत उभ्या आहेत आणि कोणत्याही दोन मुली शेजारी नकोत. आधी मुलगे २४ प्रकारे उभे करा; त्यांच्यामुळे टोके धरून ५ फटी तयार होतात; तीन मुली त्यांत ५ × ४ × ३ = ६० प्रकारे जातात. उत्तर १,४४०. मुली डावीकडून उजवीकडे उंचीच्या चढत्या क्रमानेच हव्या असतील तर फटी फक्त निवडायच्या, त्या १० प्रकारे. उत्तर २४०, म्हणजे १,४४० ÷ ३!.

याच प्रश्नात ‘एकूण वजा तिघी एकत्र’ असा हिशेब केला तर ५,०४० − ७२० = ४,३२० येतात आणि ते उत्तर चूक आहे. ज्या मांडण्यांत दोघीच शेजारी आहेत त्या यात वजा झालेल्या नसतात. दोन वस्तू असतील तर वजाबाकी सुरक्षित आहे. तीन किंवा अधिक असतील तर फटीच वापराव्यात.

‘गणित इतिहासाच्या आधी आणि त्यांच्या मध्ये किमान दोन तास’ अशा अंतराच्या अटीसाठी जागांच्या जोड्या सरळ मोजाव्यात. सहा तासांत पहिला-चौथा, पहिला-पाचवा, पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, दुसरा-सहावा, तिसरा-सहावा अशा ६ जोड्या आहेत. उरलेले चार विषय २४ प्रकारे. उत्तर १४४.

पायरी ८ : वर्तुळाकार मांडणी

वर्तुळात ‘आधी’ या शब्दाला अर्थ नाही, जोपर्यंत सुरुवातीची जागा ठरवून दिलेली नाही. तेथे ‘घड्याळाच्या दिशेने क, मग ख, मग ग’ अशी अट येते. सहा जण गोल बसले तर, नुसते फिरवून मिळणाऱ्या मांडण्या एकच धरल्याने, ७२० ÷ ६ = १२० प्रकार होतात. तिघांचे वर्तुळात आपापसांत दोनच क्रम असतात, म्हणून उत्तर ६०. येथे ६ ने भागणे चूक आहे.

पायरी ९ : उत्तर लहान आकड्यावर तपासा

सात वस्तूंचा प्रश्न असेल तर तीच अट चार वस्तूंवर लावावी आणि सर्व मांडण्या हाताने लिहून काढाव्यात. चारच्या मांडण्या २४ च असतात. पाच मिनिटांत संपतात. त्या लिहिताना शब्दकोशाच्या क्रमाने लिहाव्यात, नाहीतर एखादी सुटते आणि सूत्रावरचा विश्वास विनाकारण उडतो. उत्तर अपूर्णांकात आले, एकूण मांडण्यांपेक्षा मोठे आले किंवा अट काढून टाकल्यावर वाढण्याऐवजी कमी झाले, तर तेथेच थांबून दुसऱ्या पायरीकडे परतावे.

पायथन येत असेल तर त्यातल्या इटरटूल्स या तयार संचातील पर्म्युटेशन्स वापरून सर्व मांडण्या तयार कराव्यात आणि अट पाळणाऱ्या मोजाव्यात. दहा वस्तूंपर्यंत हे सहज होते. बारा वस्तूंच्या मांडण्या ४७,९०,०१,६०० आहेत, तेथे साधा प्रोग्रॅम फार वेळ घेतो; अशा वेळी कागदच जलद.

सरावासाठी चार प्रश्न

१. कोल्हापूर जिल्ह्यातील बाराही तालुक्यांचा दौरा करायचा आहे. आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड याच क्रमाने यावेत आणि गगनबावडा राधानगरीच्या आधी यावा. दोन्ही अटींत सामाईक तालुका नाही, म्हणून ४७,९०,०१,६०० ÷ (६ × २) = ३,९९,१६,८००. हा आकडा म्हणजे ११! आहे, याचे नवल वाटू देऊ नये. भाजक नेमका १२ आला आहे.

२. ‘गगनबावडा’ या शब्दातील अक्षरांच्या ज्या मांडण्यांत दोन ‘ग’ शेजारी नाहीत त्या किती? एकूण ६! ÷ २! = ३६०; दोन्ही ‘ग’ एकत्र असलेल्या १२०; उत्तर २४०. गाठ बांधल्यावर २ ने गुणू नये, कारण दोन्ही ‘ग’ सारखे आहेत.

३. आठ जणांच्या रांगेत क हा ख च्या आधी, आणि ग हा क व ख यांच्या मध्ये हवा. दोन्ही अटी मिळून क < ग < ख ही एकच साखळी होते, म्हणून ४०,३२० ÷ ६ = ६,७२०. अटी वेगवेगळ्या धरून १/२ × १/३ केले तरी येथे तेच उत्तर येते, कारण ‘मध्ये’ या अटीत क आणि ख यांचे स्थान समान आहे. सामाईक वस्तू असूनही गुणाकार जुळण्याची ही थोड्या ठिकाणांपैकी एक जागा आहे आणि तिच्यावरून सर्वसाधारण नियम बांधू नये.

४. रश्श्याच्या पाच कामांत भाकरी करणे हे सहावे काम वाढले. ते केव्हाही चालेल, पण सर्वांत शेवटी नको. पाच कामांच्या १६ क्रमांपैकी प्रत्येकात भाकरीसाठी सहा फटी आहेत, त्यांतली शेवटची सोडली की पाच उरतात; उत्तर १६ × ५ = ८०.